जीपीएस घड्याळ घ्यावं का? (घाटातला सराव, कोकणातली हवा, बजेट २० हजार)

कुंभार्लीकर

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, वय ४४. सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली आहे, आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन धावायची आहे. आजवर मोबाइल कमरेच्या पाऊचमध्ये टाकून ॲपवर नोंद ठेवत आलो. पावसाळ्यात त्याचे फार हाल होतात. पाऊच भिजतो, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, आणि पोफळी सोडून कुंभार्ली घाट लागला की नकाशावर मी अर्धा वेळ दरीतून धावताना दिसतो.

ग्रुपमधले बहुतेक जण घड्याळवाले. घड्याळ "४८ तास आराम" म्हणालं की ते खरोखर दोन दिवस फिरकत नाहीत. एकजण म्हणतो, घ्यायचंच तर पाऊण लाखाचं घे, पुन्हा बघायला नको. तेवढे पैसे नाहीत, आणि असते तरी मनगटावर बांधले नसते.

तर विचारायचं असं की घाटात, झाडीत अंतर बरोबर दाखवतात का ही घड्याळं? मनगटावर दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर कितपत भरवसा ठेवावा? आणि मुळात घड्याळ नसल्याने काही अडतं का?

अण्णा_ठाणे

काही अडत नाही. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा माझ्या ओळखीत एकाच्याही हाताला जीपीएस नव्हतं. साधं स्टॉपवॉच आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्या. पाटी आली की घड्याळ बघायचं, मनात गुणाकार करायचा. निकालाची वेळ तुमच्या बिबमधली (छातीवरच्या नंबरच्या कागदातली) चिप देते, मनगटावरचं यंत्र नाही.

हल्ली पेडर रोडच्या चढावर बघावं तर निम्मे लोक मान खाली घालून मनगट वाचत असतात. समोर बघा की! बूट चांगले घ्या, उरलेल्या पैशाचे तूप-खजूर खा.

पायवाट_पुणे

अण्णा, पाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत, तिकडे येतेच आहे. बाकीच्याला मात्र हरकत आहे.

माझी नोकरी भोसरीत, कॅलिब्रेशनची. लोकांचे प्रेशर गेज, मायक्रोमीटर तपासून द्यायचे. त्यामुळे आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा मोजलेला आहे की काढलेला? घड्याळात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी, एकाच टायपात, एकाच रुबाबात दिसतात, आणि सगळा घोळ तिथे होतो. कुंभार्लीकर, तुमचे मित्र ज्या ४८ तासांना मान देतात तो काढलेला आकडा आहे.

आधी अंतर. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात, आणि त्यांच्याकडून संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ स्वतःची जागा ठरवतं. मोकळ्या माळावर हे झकास चालतं. घाटात एका बाजूला कातळ असतो. संकेत त्याच्यावर आपटून येतो, म्हणजे क्षणाच्या बारीकशा अंशाने उशिरा येतो, आणि घड्याळ समजतं की उपग्रह तेवढा लांब आहे. तुमच्या दरीतल्या धावण्याचं कारण बहुतेक हेच, शिवाय पाऊचमधल्या मोबाइलला एका बाजूने तुमचंच शरीर आड येतं. पावसाने पानं ओली असली की झाडीतही संकेत अजून मंदावतो.

यावर उपाय म्हणजे दोन बँडवर, म्हणजे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं घड्याळ. जुनी आणि स्वस्त घड्याळं फक्त एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) ऐकतात. नवी त्याच्या जोडीला एल५ (११७६.४५) ऐकतात. एल१ ही फूटपट्टी धरली तर एल५ म्हणजे व्हर्नियर, फूटपट्टीहून बारीक मोजणारी पट्टी: थेट आलेला संकेत कुठला आणि आपटून आलेला कुठला, हे त्याच्यात वेगळं काढता येतं. ही सोय आता फक्त वरच्या किमतीत राहिलेली नाही, थोडी शोधाशोध केलीत तर तुमच्या बजेटच्या आसपास मिळेल. खोक्यावर "मल्टिबँड" किंवा "ड्युअल फ्रिक्वेन्सी" लिहिलंय का, ते बघा. नुसते "पाच उपग्रह यंत्रणा" हे शब्द वाचून भुलू नका, पाचही एकाच बँडवर ऐकत असतील तर कातळाचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या घाटासाठी मी रंगीत स्क्रीन, गाणी, पैसे भरायची सोय या सगळ्यावर पाणी सोडेन, पण दुसरा बँड सोडणार नाही.

आणि निघण्यापूर्वी मोकळ्या जागी दोन मिनिटं उभं राहायला शिका. उपग्रह सापडला अशी खूण आली तरी लगेच पळू नका. आदल्या रात्री मोबाइलशी सिंक केलेलं असेल तर उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती घड्याळात असते आणि ते पटकन जागेवर येतं.

आता मुंबईच्या दिवशी काय होणार ते सांगते, कारण दर वर्षी निकालानंतर "अंतर जास्त होतं" म्हणून लोक भांडतात. मॅरेथॉन ४२.१९५ किमीची. मार्ग मोजतात तो कॅलिब्रेट केलेल्या सायकलने, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने. वर मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. (हे वाचलं तेव्हा मला त्या मोजणाऱ्यांबद्दल जो आदर वाटला तो विचारू नका.) तुम्ही त्या रेषेने धावणार नाही. गर्दी चुकवणार, पाण्याच्या टेबलाकडे जाणार, वळण बाहेरून घेणार. त्यात घड्याळाची स्वतःची चूक. मग शेवटी ४२.६ दिसले तर नवल नाही.

याचा फटका वेळेला बसतो. समजा सव्वाचार तासांत संपवायचं म्हणून ६:०२ चा पेस (किलोमीटरला ६ मिनिटं २ सेकंद) ठरवलात आणि घड्याळावर तोच धरून ठेवलात. घड्याळ ४२.६ मोजणार असेल तर तुम्ही दोन मिनिटं उशिरा पोचाल, आणि सगळा वेळ घड्याळ तुम्हाला शाबासकी देत असेल. म्हणून शर्यतीत ऑटो लॅप (घड्याळाने आपणहून दर किलोमीटरची नोंद करणं) बंद करायचा आणि अण्णांच्या पाटीपाशी हाताने बटण दाबायचं. त्यासाठी खरीखुरी बटणं असलेलंच घड्याळ घ्या. टचस्क्रीनचं रडगाणं पाऊचमध्ये झालंय तेवढं पुरे.

उंचीचं थोडक्यात: ज्यात बॅरोमीटर आहे ते हवेचा दाब मोजतं. तुमच्याकडच्या उंचीवर १०० मीटर चढलं की दाब साधारण १२ मिलिबारने उतरतो. पण त्याचं भोक घामाने, पावसाने भरलं की काहीही दाखवतं. घरी आल्यावर साध्या पाण्याखाली धरा, पिनने टोकरू नका.

ठोके. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत सोडतो आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कसा बदलतो ते बघतो. शांत झोपेत, निवांत चालण्यात उत्तम. धावताना हात हलतो, घड्याळ हिंदकळतं, आणि त्या हिसक्यांचा ठेका पावलांच्या ठेक्याशी जुळतो. मग ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. गप्पा मारता येतील अशा चालीने धावताय, घड्याळ मात्र १७२ म्हणतंय, आणि पावलंही मिनिटाला १७२. घाट उतरताना हे सर्रास होतं. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधलं की बराच फरक पडतो. तेवढ्या भागात गोंदण किंवा टॅटू असेल तर दुसरा हात वापरा.

पण ठोके बघून सराव करायचा असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचा विद्युत संकेत थेट पकडतो. तंत्र जुनं आहे, फिनलंडच्या पोलारने बिनतारी हार्ट रेट मॉनिटर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आणला होता. वीस हजारांतले काही पट्ट्यासाठी बाजूला ठेवा आणि घड्याळ तेवढं खालचं घ्या. दुकानदार याच्या बरोबर उलटं सांगेल.

उरले काढलेले आकडे. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते), रिकव्हरीचे म्हणजे आरामाचे तास, "रेडिनेस" म्हणजे सरावाची तयारी, मॅरेथॉनची भाकितं. व्हीओटू मॅक्स खरा मोजायचा तर ट्रेडमिलवर तोंडाला मास्क लावून श्वासातला वायू तपासावा लागतो. घड्याळाकडे मास्क नाही. ते पेस आणि ठोके यांची जोडी बघून अंदाज बांधतं. आता हाच हिशेब चिपळूणच्या मे महिन्यात लावा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जास्त जातं, त्यामुळे त्याच पेसला ठोके वाढतात. घड्याळाला वाटतं, हा माणूस ढिला पडला. तुम्ही इमानाने सराव करत असता आणि ते "अनप्रॉडक्टिव्ह" असा शेरा मारतं. कच्च्या पायवाटेवर, चिखलात तेच. काही घड्याळं उष्णतेची सूट धरतात, पण त्यांना कळणारं तापमान मोबाइलवरच्या हवामानाचं असतं.

शिवाय या सगळ्याच्या मुळाशी तुमचा कमाल हार्ट रेट असतो, आणि तो घड्याळ बहुधा २२० वजा वय असा धरतं. तुमच्यासाठी १७६. ही अनेक माणसांची सरासरी आहे. तुमचा खरा १८८ असू शकतो, १६८ही. तो चुकला की झोन (ठोक्यांवरून पाडलेले सरावाचे टप्पे) चुकले, झोन चुकले की ४८ तासही चुकले. नडगी दुखतेय हे तर त्याला कधीच कळणार नाही.

माझ्या घड्याळात या सगळ्या पाट्या मी बंद करून टाकल्यात. आठवड्याचे एकूण तास, एकूण चढ आणि लाँग रनच्या शेवटच्या तासात ठोके किती वर सरकले, एवढंच बघते. त्यासाठी घड्याळ हवंच असं माझं मत आहे, अण्णा. हे स्टॉपवॉच सांगत नाही.

पॅडल_नाशिक

पायवाटताईंना +१. माझी भर बॅटरीची. फुल मॅरेथॉनला कुठलंही घड्याळ पुरेल, पण पुढेमागे ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची सुरसुरी आली तर लक्षात ठेवा. ६०० किमीला ४० तासांची मुदत असते, आणि तेवढा वेळ पूर्ण अचूकतेवर चालणारं घड्याळ तुमच्या बजेटमध्ये मिळणं कठीण. बॅटरी वाचवायचा मोड लावला की ते बराच वेळ झोपून अधूनमधून जागा टिपतं आणि मधले बिंदू सरळ रेषेने जोडतं. कसारा घाटाची वळणं अशी कापली जातात की अंतर भलतंच कमी भरतं. सायकलवर मी वेगळा सायकल काँप्युटर लावते, त्याला चालता चालता पॉवर बँक जोडता येते.

दुसरं, बायकांनी आणि मुलींनी वाचावं म्हणून लिहिते. पहाटे एकटी निघते तेव्हा घरच्यांना लाइव्ह ट्रॅकिंग दिसतं, हा मला घड्याळाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो (बऱ्याच घड्याळांत त्यासाठी मोबाइल जवळ लागतो). पण तीच नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. २०१८ मध्ये स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या नोंदी एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर) सैन्याचे तळ उमटल्याची बातमी आली होती, जवान तळावर धावत होते म्हणून. तिथे तुमचं दार काय लपणार! ॲपमध्ये घराभोवतीचा भाग झाकायची सोय आहे, पहिल्याच दिवशी करा.

पंचगंगा_ट्राय

पोहणाऱ्यांसाठी चार ओळी. जीपीएसचा संकेत पाण्याखाली पोचत नाही. फ्रीस्टाइलमध्ये हात बाहेर येतो तेवढ्या क्षणात घड्याळ जागा टिपतं, ब्रेस्टस्ट्रोकला तेही नाही. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल, धावणं अशी ट्रायथलॉन) मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहायचं असतं, तिथे किनाऱ्यावर आल्यावर घड्याळातल्या अंतरावरून वाद घालू नये. सरावात ते पोहण्याच्या टोपीखाली ठेवलं तर रेघ पुष्कळ सरळ येते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर चार्जिंगच्या पिना गोड्या पाण्याने धुवा आणि कोरड्या झाल्याशिवाय केबल लावू नका.

अण्णा_ठाणे

पट्टा मीही वापरतो. डॉक्टरांनी बांधायला लावलाय, हौस नव्हे. पायवाटताईंचं जोन्स काउंटरचं वाचून मजा आली. पेडर रोडबद्दलचं मत मात्र कायम.

कुंभार्लीकर

सगळ्यांचे आभार, धागा जपून ठेवतोय. दोन बँड, बटणं आणि पट्टा असं पक्कं केलंय. शेवटचा प्रश्न: कराडला एकजण दोन वर्षं वापरलेलं वरच्या श्रेणीतलं घड्याळ निम्म्या किमतीत देतोय. घ्यावं का? आणि माझा कमाल हार्ट रेट शोधायचा कसा?

पायवाट_पुणे

घ्या, पण हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण चार्ज करून मोकळ्या आकाशाखाली तासभर जीपीएस चालू ठेवा आणि किती टक्के उतरले ते बघा. कंपनी २५ तास म्हणत असेल तर तासाला चार टक्क्यांच्या आसपास जायला हवेत, दहा जात असतील तर बॅटरी थकलीय आणि ती बदलणं बहुतेक घड्याळांत त्रासाचं असतं. सगळी बटणं दाबून बघा, घामाच्या मिठाने ती अडकतात. केबल त्याच कंपनीची लागते, ती सोबत मागून घ्या. त्याच्या खात्यातून घड्याळ त्याच्याकडूनच, तुमच्यासमोर काढून घ्या. आणि तेवढ्या जुन्या मॉडेलमध्ये दुसरा बँड आहे का ते आधी तपासा, नसेल तर निम्मी किंमतही जास्त आहे.

कमाल हार्ट रेटसाठी आधी डॉक्टरांकडे स्ट्रेस टेस्ट करा, ४४ व्या वर्षी ती टाळू नका. त्यांनी हिरवा कंदील दिला तर पट्टा बांधून पोफळीच्या वर एखादा दोन-तीन मिनिटांचा सलग चढ निवडा. चांगलं अंग तापवून तीन वेळा चढा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात, मध्ये चालत खाली या. तिसऱ्यात दिसेल तो सगळ्यात मोठा आकडा १७६ च्या जागी घाला. एकटे जाऊ नका, कुणालातरी बरोबर घ्या. आणि भर पावसात नको, त्या घाटात दरडी येतात.