जुन्या रेसिंगच्या आणि गाड्या बनवण्याच्या आठवणी लिहा इथे

कृष्णाकाठ:
काल केसांना लावायचं एरंडेल ओट्यावर कलंडलं, ओघळ गरम तव्याखाली गेला आणि जो वास सुटला ना, मी दोन मिनिटं तिथेच उभी. कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, मामाचं गॅरेज, ८०-८२ साल असेल. मामा टू-स्ट्रोक गाड्या रेससाठी तयार करायचा. रेसला साधं टूटी (2T) ऑइल नाही, पेट्रोलमध्ये एरंडेल घालायचा, कारण इंजिन कितीही तापलं तरी ते पिस्टनला धरून राहतं. पण पेट्रोलमध्ये ते नीट मिसळून राहत नाही, तळाला बसतं, म्हणून आम्हा भाचरांना डबा हलवत बसायचं काम. आणि रेस झाली की आतमध्ये चिकट राप बसलेला असायचा, इंजिन उघडून धुतल्याशिवाय सुटका नाही, ते रॉकेलचं तसराळं, मामीची बोलणी, सगळं आठवलं.
मामा सिलिंडरमध्ये कागद गुंडाळून घालायचा, आतून बोटाने घासून पोर्टचा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांचा, ठसा घ्यायचा, मग तो कागद पाटावर पसरून पट्टीने मोजायचा आणि एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, किती वर उचलायचा ते पेन्सिलने आखायचा. मग कानस आणि पॉलिश पेपर, तासन् तास. जास्त घासलं गेलं तर सिलिंडर वाया, आणि दुसरा आणायला पैसे कुठले. बाहेरचा पार्ट मागवायचा तर लायसन्स, कस्टम, ती भानगड वेगळीच. जे लागेल ते इथेच बनवायचं. मला तुमच्याकडच्या अशा हातांबद्दल वाचायचंय. गाडी कुठलीही चालेल, लिहा.

टर्नरचा_पोरगा:
ताई उद्यमनगरात कुठे?? माझे वडील तिथेच लेथवर होते. रेसवाल्या पोरांची हेडं, म्हणजे सिलिंडरची वरची झाकणं, आमच्याकडे यायची, खालून एक पातळ कट घ्यायचा म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. बाबा पोरांना सांगायचे, अजून घेऊ नको रे, पिस्टन आपटेल. ऐकायचे नाहीत. मागची चक्की, म्हणजे चेनचं दातेरी चाक, पण करून न्यायचे, जास्त दात्यांची, पिकअप जबरदस्त मिळतो, टॉप स्पीड मात्र जातो. लांब ट्रॅकला एक चक्की, लहान ट्रॅकला दुसरी, दोन्ही पिशवीत घालून फिरायचे. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय

सदाशिवपेठी:
शोलावरम कुणीच लिहिलं नाही अजून? मद्रासच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. १९५३ ला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि पुढे कितीतरी वर्षं देशातली मोठी रेस म्हणजे शोलावरम. मी पुण्याहून एका मित्राच्या फियाटबरोबर गेलो होतो, गाडी ट्रकात, आम्ही पण ट्रकात. फियाट ११०० म्हणजे १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मित्राने तो गिअर खाली जमिनीवर घेतला होता, मागची सीट काढली, दारांची आतली अस्तरं काढली, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. दोन कार्बोरेटर एकसारखे ओढतात का ते बघायला त्याचा मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाला लावायचा, सूं आवाज दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. मीटर बिटर काही नाही. आणि ते ट्यूनिंग बरोबर असायचं!!
तिथे बंगलोरवाल्यांच्या डॉल्फिन गाड्या होत्या, सिपानीच्या, फायबरची बॉडी, इंजिन फियाटपेक्षा लहान, पण वजनच नाही, त्यामुळे वळणाला आमच्या पुढे. गोंडलचे महाराज, विकी चांढोक, ही रेसर लोकांची नावं मी तिथे ऐकली. विजय मल्ल्या तर चक्क फॉर्म्युला वनची एन्साइन घेऊन धावायचे. ती गाडी सुरू झाली की चहाच्या टपरीवरचे लोक पेले टाकून कुंपणाकडे पळायचे.

रत्नांग्री८:
मल्ल्या तेव्हा पण पुढेच होते म्हणायचं :)

सदाशिवपेठी:
राजकारण नको इथे. गाडी बघायला मिळाली याचं आजही अप्रूप आहे मला. खरी फॉर्म्युला वनची गाडी भारतात बघायची म्हणजे दुसरा मार्ग नव्हता तेव्हा.

बुलेटराणी:
राजदूतची आरडी ३५० बाईक कुणाकडे होती का? आमच्या दादाकडे होती, हाय टॉर्क मॉडेल. ३४७ सीसी, ३०.५ बीएचपी, सहा गिअर, ८३ ला आली तेव्हा तसलं काही रस्त्यावर नव्हतंच. पण पुढे ड्रम ब्रेक!! जपानवाल्या आरडीला डिस्क होता, आपल्याकडे ड्रम दिला, आणि एवढी ताकद त्या ड्रमने थांबवायची. दादा ब्रेक लायनर स्वतः घासून बसवायचा, खडूची पावडर लावून बघायचा कुठे टेकतोय कुठे नाही. पेट्रोल इतकं प्यायची की बाबा म्हणायचे हिला ठेवण्यापेक्षा म्हैस ठेवू, दूध तरी देईल.

टर्नरचा_पोरगा:
हाहा बाबा लोक सगळीकडे सारखेच

शैला_व:
मला गाड्यांतलं काही कळत नाही पण लिहिते. आमचे हे लग्न झालं तेव्हा नाशकात डर्ट ट्रॅकला पळवायचे. माझ्या नव्या स्टीलच्या पातेल्यात चेन उकळलेली मी बघितली आहे, ग्रीस घालून. रविवारी माहेरचे लोक जेवायला आले आणि बाथरूममध्ये अख्खं इंजिन. राग यायचा खूप. पण एकदा त्यांनी मला इंजिनातला स्पार्क प्लग दाखवला, म्हणाले हा रंग बघ, बदामी आहे म्हणजे तब्येत बरी, पांढरा पडला तर पेट्रोल कमी मिळतंय, इंजिन जळेल, काळा पडला तर जास्त होतंय. तेव्हापासून रेस संपली की प्लग काढून पहिला मला दाखवायचे. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. स्कूटरवाला पोरगा प्लग साफ करताना दिसला की मी अजून थांबून रंग बघते.

कृष्णाकाठ:
शैलाताई __/\__ किती छान लिहिलंत.

बुलेटराणी:
शैलाकाकू डोळे भरून आले.

घाटावरचा:
आमच्याकडे रेस म्हणजे बैलगाडा. जुन्नर-आंबेगावकडे या, घाट बघा, म्हणजे गाडा पळवायची पट्टी, गाडा सुटला की निकाल सेकंदावर, घड्याळवाला माणूस वर बसलेला. सरळ पट्टीची रेस ती हीच, फक्त इंजिनाला शिंगं. २०१४ ला बंद पडली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने शर्यतीचा कायदा मान्य केला. त्या सात वर्षांत बैल सांभाळले लोकांनी, रेस नसताना. खुराक चालू ठेवला.

रत्नांग्री८:
धागा गाड्यांचा आहे ना भाऊ

घाटावरचा:
गाडाच आहे की. आणि गाडा बनवणारा सुतार पण आमच्याकडे ठरलेला आहे, वजन कमी कसं ठेवायचं हे त्यालाच माहीत, कुणाला सांगत नाही.

कृष्णाकाठ:
चालेल चालेल, सुताराबद्दल लिहा ना अजून. मला तेच हवंय.

एडिसनकर:
न्यू जर्सीहून. आमच्या एडिसनपासून अर्ध्या तासावर इंग्लिशटाउनला रेसवे पार्क होतं, १९६५ पासूनची ड्रॅग स्ट्रिप. नवीन आलो तेव्हा ऑफिसातला एक म्हातारा मेकॅनिकल इंजिनिअर घेऊन गेला. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल, झाडासारखा दिव्यांचा खांब, हिरवा झाला की सुटायचं. टॉप फ्युएल या सगळ्यात वरच्या वर्गातल्या गाड्या पेट्रोलवर नाही, नायट्रोमिथेनवर चालतात, सुटताना छाती आतून हलते, डोळे चुरचुरतात. कानात बोळे घालूनसुद्धा आवाज हाडातून येतो.
पण मला आवडलं ते वेगळंच. तिथे एनएचआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या, रेसला तिकीट काढलेला कुणीही पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, जाऊ शकतो. दोरीपलीकडे उभं राहून बघायचं, एका धावेनंतर ती मंडळी अख्खं इंजिन उघडतात, पिस्टन बदलतात, क्लच बदलतात आणि तासाभरात परत लाइनला. कुणी कुणाला ओरडत नाही, प्रत्येकाला आपला नट माहीत. तो म्हातारा मला डॉन गार्लिट्स या ड्रॅग रेसरची गोष्ट सांगायचा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लायन्स स्ट्रिपवर त्याच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं, पाऊल अर्धं गेलं. तोवर इंजिन पुढे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे, फुटलं की सगळं अंगावर. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने ठरवलं इंजिन मागे टाकायचं, आणि पुढच्याच वर्षी त्या गाडीने जिंकायला लागला. मग सगळ्यांनी इंजिन मागे नेलं.
२००८ ला रेसर स्कॉट कॅलिटा इंग्लिशटाउनलाच अपघातात गेला, त्यानंतर मोठ्या गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं. २०१८ च्या जानेवारीत तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. म्हाताऱ्याने फोन केला होता त्या दिवशी, बराच वेळ नुसत्या जुन्या गाड्यांची नावं सांगत होता आणि मी ऐकत होतो.

मौनी_बाबा:
ड्रॅगचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. माझा चुलतभाऊ रात्री हायवेवर पैज लावून पळवायचा. एकोणीस वर्षांचा होता. गाडी त्याने स्वतः बनवली होती, फार सुंदर बनवली होती. समोरून टेम्पो आला. रेस करायची तर ट्रॅकवर जा, हेल्मेट घाला, रस्त्यावर नको. एवढंच.

सदाशिवपेठी:
अगदी खरं. फार वाईट वाटलं वाचून. आता ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग होतात, ॲम्ब्युलन्स, तपासणी सगळं असतं. पोरांनी तिथे जावं.

एडिसनकर:
मौनी_बाबा, सांत्वनाला शब्द नाहीत. काकाकाकू कसे आहेत आता?

मौनी_बाबा:
काकू आहेत. बऱ्या आहेत.

रोलकेज:
आम्ही नवीन पिढी, चालेल का? कॉलेजात बाहा केली, म्हणजे पोरांनी खडबडीत रस्त्यावरची गाडी स्वतः बनवून पळवायची स्पर्धा. पिथमपूरला २००७ पासून होते ती, सगळ्यांना इंजिन सारखंच, दहा एचपीचं, म्हणजे इंजिनात हुशारी करायला वाव नाही, जी काय करायची ती सस्पेन्शन, वजन आणि पाईपात. शेवटची एन्ड्युरन्स रेस चार तास, निम्म्या गाड्या मोडून उभ्या. आमचा पाईप भोसरीतल्या एका काकांनी वाकवून दिला, ते कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग बघून म्हणाले हा जोड तुटणार. आम्ही म्हटलं सॉफ्टवेअरमध्ये पास झालाय. ते म्हणाले ठीक आहे, पण मी इथे गसेट, म्हणजे आधाराची पट्टी, लावून देतो, पैसे नको. चार तासांत बाकी बरंच काही तुटलं, तो जोड नाही तुटला. आता नोकरीत रोज सिम्युलेशन करतो आणि त्या काकांची आठवण येते. दिवाळीला फराळ घेऊन जातो त्यांच्याकडे.

टर्नरचा_पोरगा:
अशी माणसं होती म्हणून झालं सगळं. फ्री झालो आता. एस. करिवर्धन यांचं नाव घ्या कुणीतरी, कोईमतूरचे. मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बनवली, खुली एकट्या माणसाची गाडी, ज्याची किंमत मध्यमवर्गातल्या पोराला निदान स्वप्नात परवडेल. नारायण कार्तिकेयन त्याच गाडीतून वर आला आणि २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला. करिवर्धन १९९५ ला विमान अपघातात गेले. २००३ ला कोईमतूरला ट्रॅक झाला त्याला त्यांचंच नाव आहे. आमच्या बाबांनी त्यांचा एक फोटो पेपरातून कापून लेथच्या वर लावला होता, तेलाच्या हाताने.

सदाशिवपेठी:
शोलावरम सुटून १९९० ला मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक झाला तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो. व्हायलाच हवा होता, धावपट्टीवर पब्लिक फार जवळ असायचं.

बुलेटराणी:
विषयांतर करते, माझ्याकडे ८९ ची यामाहा आरएक्स १०० बाईक आहे, मधल्या स्पीडला अडखळते, वर गेली की छान पळते. कार्बोरेटर दोनदा धुतला. मेकॅनिक म्हणतो नवीन टाका. काय करू?

टर्नरचा_पोरगा:
नवीन टाकू नका, ओरिजिनल मिकुनी कार्बोरेटर असेल तर जपा. मधल्या स्पीडला म्हणजे त्यातली सुई बघा, क्लिप एक खाच खाली करून बघा म्हणजे सुई वर येते, पेट्रोल वाढतं. आधी रीड व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल सोडणाऱ्या झडपेची, पाती उजेडासमोर धरा, कडेला फट दिसली तर दोष तिथेच आहे.

शैला_व:
आणि प्लग काढून रंग बघ गं.

बुलेटराणी:
बघितला काकू आत्ताच. पांढरट आहे.

टर्नरचा_पोरगा:
मग सुईच. आणि कार्बोरेटर नि इंजिनामधल्या मॅनिफोल्डचं रबर चिरलंय का तेही बघा, हवा ओढत असेल. तोवर जोरात पळवू नका, पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल.