मधपेट्या मेल्यानंतर पुन्हा सुरुवात: जुन्या चौकटी वापरायच्या की जाळायच्या?

(मधमाश्या पाळणाऱ्यांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वरचं नाव लिहिणाऱ्या सदस्याचं.)

रिकामी पेटी (प्रश्न)

परसात दहा चौकटींच्या दोन लँगस्ट्रॉथ पेट्या, दोन्हींत मेलिफेरा (युरोपियन मधमाशी). एकाच हंगामात दोन्ही वसाहती गेल्या. पहिलीत शेवटी राणी आणि मूठभर माश्या होत्या, तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) मेलेल्या जेमतेम वाटीभर, आणि दोन चौकटी मध तसाच. दुसरी पाच-सहा आठवड्यांनी उघडली तेव्हा मेणकिड्याची (पोळं खाणाऱ्या पतंगाची) जाळी आणि अळ्या, माशी एकही नाही.

आता परत सुरू करायचं आहे. हाताशी आहे ते असं: दोन खालच्या कोठ्या, दोन मधकोठ्या, १४ बांधलेली पोळी (सहा पार काळी, बाकीची तपकिरी ते पिवळी), झाकलेल्या मधाच्या दोन चौकटी, राणी-जाळी (राणीला मधकोठीत जाऊ न देणारी), स्मोकर (धूर सोडण्याचं भांडं).

१) ही पोळी नव्या माश्यांना चालतील का? २) उरलेला मध त्यांना खायला द्यावा का? ३) पाच चौकटींचा न्यूक (राणीसह छोटी तयार वसाहत) घ्यावा की थवा (राणीसह घर सोडून निघालेला माश्यांचा घोळका) पकडावा? ४) या वेळी एकच पेटी ठेवली तर?

तळपाट

माश्या कुठून आणायच्या हे सगळ्यात शेवटी. आधी पोळी वाचा.

मेणकिड्यावर खापर फोडू नका. भरलेल्या वसाहतीत माश्या त्याच्या अळ्या ओढून बाहेर टाकतात. तो माजतो तेव्हा पोळं राखायला पुरेशा माश्याच उरलेल्या नसतात. म्हणजे दुसऱ्या पेटीचं कारण जाळी धरण्याच्या आधीचं आहे.

पाठ सूर्याकडे करून उभे राहा. चौकट उलटी, म्हणजे वरची पट्टी खाली, धरा आणि जिथे पिलावा (अंडी, अळ्या, कोष) होता त्या घरांत बघा. उलटी धरल्यामुळे घरांची छतं नजरेसमोर येतात. तिथे मिठाच्या बारीक कणांसारखे पांढरे, चिकटलेले ठिपके असतील तर ती वरोआची (माश्यांवर आणि पिलाव्यात जगणाऱ्या, गोचिडासारख्या परजीवीची) विष्ठा. एखाददुसरा ठिपका कुठेही सापडतो. ओळीने घरामागून घर तसं दिसलं तर वसाहत वरोआने आणि त्याच्यासोबत पसरणाऱ्या विषाणूंनी गेली. मध शिल्लक, माश्या मूठभर, मेलेल्या कमी, ही लक्षणंही तिकडेच बोट दाखवतात. आजारी माश्या पेटीत मरत नाहीत, उडून जातात आणि परत येत नाहीत.

मग चौकट सरळ करा, वरची पट्टी आपल्याकडे कलवा आणि घरांच्या खालच्या भिंती बघा. तिथे काळपट खपली असेल आणि घर फाडल्याशिवाय निघत नसेल, तर तो अमेरिकन फाउल ब्रूड (पिलावा सडवणारा जिवाणूंचा रोग) समजा. झाकलेला पिलावा उरला असेल तर आत दबलेलं, तेलकट किंवा भोक पडलेलं झाकण शोधा, त्यात काडीपेटीतली काडी फिरवून हळू बाहेर ओढा. दोन-तीन सेंटिमीटर चिकट तार आली की निदान झालं. मात्र सगळं वाळून गेलं असेल तर तार येतच नाही. तेव्हा तार आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, खपलीच शोधा.

बाकी कारणं पटकन ओळखू येतात. घरात डोकं खुपसून मेलेल्या माश्या आणि आसपास मधाचा थेंब नाही, ती उपासमार. कामकऱ्यांच्या घरांवर नरांसारखी फुगीर झाकणं असतील तर राणी निकामी होती किंवा कामकरीच अंडी घालत होत्या. एकेका घरात चार-पाच अंडी दिसली तर बहुतेक कामकरी. चौकट हलवल्यावर खडूचे तुकडे वाजले तर चॉकब्रूड (अळ्या खडूसारख्या कडक करणारा बुरशीचा रोग). दारासमोर अचानक मोठा ढीग पडला, त्यात पायांवर पराग असलेल्याही माश्या असल्या, तर बहुतेक फवारणी. मधाच्या झाकणांच्या कडा फाटक्या आणि तळाला मेणाचा भुगा, म्हणजे दुसऱ्या वसाहतीने लूट केली आहे. लुटीनंतर मेलेल्या पेटीतला आजारही लुटारूंच्या घरी जातो.

सहावी चौकट

सामानाबद्दल.

खपली किंवा तार सापडली तर पोळी, चौकटी, मध, मेलेल्या माश्या सगळं खड्ड्यात जाळून वर माती. हे रात्री करा, म्हणजे आसपासच्या माश्या मधावर येत नाहीत. या जिवाणूचे बीजाणू लाकडात आणि मेणात दशकानुदशकं टिकतात. प्रतिजैविकाने अळ्यांतली वाढ थांबते, पण बीजाणू मरत नाहीत. कोठ्या, तळपाट, झाकण खरवडून ब्लोटॉर्चने आतून भाजा. लाकूड कॉफीच्या रंगाचं व्हायला हवं, विशेषतः कोपरे आणि सांधे. अनेक देशांत हा रोग सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे, म्हणून आधी कळवा, मग जाळा.

फक्त वरोआ निघाला तर घाबरायचं कारण नाही. माश्यांशिवाय तो काही दिवसांतच मरतो, त्यामुळे महिनोन्‌महिने रिकाम्या राहिलेल्या पोळ्यात तो जिवंत नसतो. मेणकिड्याची अंडी मात्र असणारच. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. चौकट खोलीच्या तापमानाला आली की उघडा, नाहीतर दव पोळ्यावर धरतं आणि बुरशी येते. पुढे साठवताना पोळी उजेडात, वारा खेळता ठेवून टांगा. बंद, अंधाऱ्या पेटीत रचून ठेवणं म्हणजे मेणकिड्याला आमंत्रण. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, तो वास मेणात मुरतो आणि मधात उतरतो.

चौकटींवर किंवा पेटीवर विष्ठेचे पिवळे-तपकिरी ओघळ असतील तर नोसेमाची (माश्यांच्या आतड्याच्या रोगाची) शंका घ्या. त्याला ८० टक्के ॲसिटिक आम्ल, एका कोठीला १२० मिली, जाड कापडावर ओतून चौकटींच्या *वर* ठेवायचं. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. फटी बंद करून आठवडाभर ठेवा, नंतर भरपूर हवा लागू द्या. खिळे आणि धातूच्या पट्ट्यांना आधी व्हॅसलिन लावा आणि पेट्या सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका, दोन्ही खातं ते. हातमोजे, चष्मा आणि आम्लाच्या वाफेचा मास्क हवाच.

पटाशी, स्मोकर यांना ५ लिटर गरम पाण्यात १ किलो धुण्याचा सोडा, घासून.

सहा काळ्या पोळ्यांचं एकच करा: वितळवा. पोळं उन्हासमोर धरून मागची बोटं दिसली नाहीत तर ते पिलाव्यातून बाद. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. पातेलं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नको. कोषांच्या सालींमुळे मेण फार थोडं निघेल, तरी चौकटी मोकळ्या होतील आणि नवा मेणपत्रा (पोळं बांधायला पाया म्हणून लावायचा मेणाचा पातळ पत्रा) लावता येईल.

धुराडं

काळी सगळीच वितळवा हे पटत नाही. एक किलो मेण बनवायला माश्यांना अंदाजे ६ ते ८ किलो मध खर्चावा लागतो. नव्या वसाहतीला बांधलेलं पोळं मिळालं की राणी लवकर अंडी घालू लागते. नुसत्या मेणपत्र्यावर ते दिवस बांधकामात जातात. सहापैकी दोन, ज्यात जाळी नाही आणि खपली नाही, ती ठेवा. पुढच्या हंगामात कडेला सरकवत काढून टाका.

मधाच्या दोन चौकटींबद्दल: फाउल ब्रूड नाही याची खात्री असेल, आंबूस वास नसेल, फेस नसेल, तरच द्या. शंका असली तर साखरपाकच बरा. कुठूनतरी मिळालेला मध तर कधीच देऊ नये, रोग घरी आणायचा तोच सोपा रस्ता आहे.

रिकामी पेटी

तपासलं. पिलाव्याच्या भागात पांढरे ठिपके जवळजवळ प्रत्येक घराच्या छताला. खपली एकाही चौकटीत नाही. ओघळ नाहीत. दुसऱ्या पेटीत मधाची झाकणं फाटलेली. वरोआसाठी फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या दोन हंगाम लावल्या होत्या आणि काढायच्या राहून गेल्या होत्या. मोजणी केलेली नव्हती.

तळपाट

मग क्रम लागला. पहिली वरोआने खचली, दुसरीला तोच त्रास होता, तीही रिकामी झाली, मध लुटला गेला, शेवटी मेणकिडा आला.

पट्ट्या लेबलवर लिहिलेल्या मुदतीत काढायच्याच. आत राहिल्या की औषधाची मात्रा घटत जाते आणि त्यात तगून राहणाऱ्या वरोआची पैदास होते. फ्लुव्हॅलिनेटला दाद न देणारे वरोआ जगात अनेक ठिकाणी आहेत. पुढच्या वेळी औषधाचा गट बदला, आणि औषधाच्या आधी व नंतर मोजा. न मोजता दिलेलं औषध लागू पडलं की नाही ते कळतच नाही.

मोजायचं असं. पिलाव्याच्या चौकटीवर राणी नाही हे दोनदा बघा. माश्या ताटात झटकून अर्धा कप, म्हणजे साधारण १२० मिली, भरा. त्यात सुमारे ३०० माश्या येतात. जाळीच्या झाकणाच्या बरणीत अल्कोहोल घालून एक मिनिट हलवा, गाळून तळाचे तांबूस ठिपके मोजा. ९ निघाले तर ३ टक्के, औषध लगेच. ६ निघाले तरी तयारीला लागा. पिठीसाखर वापरली तर माश्या वाचतात, पण आकडा कमी येतो. पिलावा असताना बहुतेक वरोआ झाकणाखाली असतात, म्हणजे बरणीत दिसतात ते थोडेच, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचा. हंगामात महिन्यातून एकदा, आणि मध काढल्यावर लगेच. पुढचा कठीण काळ ज्या माश्यांनी काढायचा, त्या वाढत असतानाच वरोआ कमी हवा. नंतर दिलेलं औषध वरोआ मारतं, पण तोवर त्या माश्या आजारीच जन्मलेल्या असतात.

नरमाशी

न्यूक की थवा?

थव्याचा मोठा फायदा असा की तो पिलाव्याशिवाय येतो, म्हणजे सगळे वरोआ माश्यांच्या अंगावर, उघड्यावर. अंडं ३ दिवस, मग अळी, आणि साधारण नवव्या दिवशी घर झाकलं जातं. थवा पेटीत घातल्यापासून पहिल्या आठवड्यात ऑक्झॅलिक आम्ल दिलं तर एकही वरोआ लपलेला नसतो. १ लिटर साखरपाकात (साखर आणि पाणी सारखं) ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक डायहायड्रेट. माश्यांनी भरलेल्या प्रत्येक दोन चौकटींमधल्या फटीत ५ मिली, एका वसाहतीला जास्तीत जास्त ५० मिली. एकदाच. पुन्हा पुन्हा दिलं तर उघड्या अळ्यांना आणि माश्यांना इजा होते. आम्लाला टिकणारे हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावायचा, आणि आपल्या देशात मान्य असलेलंच औषध, त्याच्या लेबलप्रमाणे.

न्यूक घेत असाल तर पाचपैकी किमान तीन चौकटींत पिलावा, त्यात अंडीही, आणि झाकणं सलग हवीत. घेण्याआधी वरोआ मोजायची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर दुसरीकडे बघा. पिलावा असल्याने ऑक्झॅलिक इथे अपुरं पडतं. फॉर्मिक आम्ल झाकणाखालपर्यंत पोचतं, पण दिवसाचं तापमान साधारण १० ते २९ अंशांत असेल तेव्हाच. उकाड्यात राणी जाऊ शकते. दुसरा मार्ग, राणीला काही आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा संपू द्यायचा आणि मग ऑक्झॅलिक. छोट्या न्यूकवर मात्र हे करू नका, वसाहत भरल्यावर करा.

एक पेटी नको, दोनच ठेवा. एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची एक चौकट द्यायची. तीन-चार दिवसांत राणीघरं बांधली तर राणी नाही हे पक्कं, आणि नवी राणी तिथेच तयार होते. अंड्यापासून राणी बाहेर यायला १६ दिवस, उड्डाण आणि मिलन धरून तिची अंडी दिसायला साधारण महिना. एकच पेटी असली की ही सोय नाही.

सातेरी (देशी मधमाशी) आणायचा विचार असेल तर ही पोळी विसरा. तिची घरं लहान, पेटी वेगळी, जुनं पोळं ती कुरतडते आणि त्रास झाला की अख्खी वसाहत निघून जाते. वरोआ तिच्याकडे मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो, ती डोकेदुखी कमी.

धुराडं

बसवल्यावर पहिले काही आठवडे: दार २-३ सेंटिमीटरपर्यंत लहान करा. साखरपाक पेटीच्या आत, संध्याकाळी, न सांडता. बाहेर थेंब सांडला की लूट सुरू. सुरुवातीला सारखी साखर आणि पाणी, साठ्यासाठी दोनास एक. पांढरीच साखर, गूळ नाही, त्याने त्यांचं पोट बिघडतं. बांधलेली पोळी भरपूर असताना पाक अतिरेकाने देऊ नका. माश्या पिलाव्याची जागाही पाकाने भरतात, राणीला अंडी घालायला घर उरत नाही, आणि वसाहत थवा काढायच्या तयारीला लागते. सात-आठ चौकटी माश्यांनी झाकल्या की मधकोठी चढवा आणि पाक बंद.

पेटी ४०-४५ सेंटिमीटर उंच स्टँडवर, पुढे किंचित कलती, सकाळचं ऊन दारावर. दारासमोर दोन मीटरचं कुंपण किंवा झुडूप असलं की माश्या वर चढूनच उडतात, शेजाऱ्यांच्या डोक्याशी येत नाहीत. पाण्याचं भांडं माश्या येण्याआधी भरून ठेवा. एकदा त्यांनी शेजारचा नळ शोधला की मोडता येत नाही.

रिकामी पेटी

असं ठरवतो: चार काळी वितळवायची, दोन ठेवायची. दहा पोळी गोठवून दोन पेट्यांत वाटायची. एकीत थवा, पाचव्या दिवशी ऑक्झॅलिक. दुसरीत न्यूक, आधी मोजणी. मध काढल्यावर राणी २१ दिवस पिंजऱ्यात, मग ऑक्झॅलिक.

नरमाशी

२१ नाही, २४. कामकरी २१ दिवसांत बाहेर येते, नर २४ दिवसांत, आणि वरोआला नरांचीच घरं जास्त आवडतात. तीन दिवस घाई केलीत तर नेमका तोच साठा झाकणाखाली राहील.