न्यूझीलंडमध्ये कॅम्पर व्हॅनने कमी खर्चात दोन आठवडे : आराखड्याबद्दल सल्ला हवा आहे

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये मी, माझे यजमान आणि आमची सहा वर्षांची मुलगी असे तिघे न्यूझीलंडला जाण्याच्या विचारात आहोत. हॉटेलांचे दर पाहिल्यावर कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन तीतच राहावे आणि तीतच रांधावे असे ठरवले आहे. ऑकलंडला उतरायचे, उत्तर बेट पाहत वेलिंग्टनला यायचे, फेरीबोटीने व्हॅनसह पिक्टनला जायचे आणि दक्षिण बेट फिरून क्वीन्सटाउनहून परतायचे, असा आमचा कच्चा आराखडा आहे. हाताशी दोन आठवडे आहेत.

दोन गोष्टींवर मात्र आमचे अडते आहे. स्वच्छतागृह नसलेली जुनी व्हॅन बरीच स्वस्त मिळते आहे. ती घेऊन रात्री कुठेही मोकळ्या जागी फुकट मुक्काम करता येतो, असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का? दुसरे म्हणजे, व्हॅनचे भाडे सोडून खर्चाच्या आणखी कोणत्या बाबी हिशेबात धराव्या लागतात, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे. आम्ही दोघेही घाटात गाडी चालवतो, त्यामुळे रस्त्यांची धास्ती नाही.

कॅंटरबरीकर (ख्राइस्टचर्च)

नमस्कार. मी इथेच राहतो आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे असे आराखडे वरचेवर पाहतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. दोन आठवड्यांत दोन्ही बेटे हा बेत सोडून द्यावा. ऑकलंड ते वेलिंग्टन हेच सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे, त्यानंतर साडेतीन तासांची फेरी, आणि व्हॅनसह तिघांचे फेरीचे भाडे सहज तीनशे न्यूझीलंड डॉलरच्या वर जाते. एवढे करून दक्षिण बेटाला जेमतेम आठवडा उरेल आणि तोही स्टिअरिंगमागे जाईल. पैसे वाचवायचे असतील तर भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा किलोमीटर कमी करणे जास्त उपयोगाचे, आणि ते करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ख्राइस्टचर्चला उतरून, दक्षिण बेटाचे वर्तुळ करून, ख्राइस्टचर्चलाच व्हॅन परत देणे. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत देण्याचे वेगळे शुल्कही त्यामुळे बहुधा वाचते.

आता त्या स्वस्त व्हॅनबद्दल. तुमच्या परिचितांनी सांगितले ते पूर्वी बऱ्याच अंशी चालत असे. आता तसे समजून जाऊ नका. २०११च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यात २०२३मध्ये मोठी सुधारणा झाली. त्यानुसार अशा मुक्कामासाठी बहुधा लागणारे सेल्फ-कंटेन्ड (पाणी-सांडपाण्याची सोय आतच असलेली व्हॅन) म्हणून प्रमाणपत्र मिळवायचे असेल तर व्हॅनमध्ये पक्के बसवलेले स्वच्छतागृह असावे लागते, आणि रात्री बिछाना घातलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. पलंगाखाली ठेवलेली सुटी पेटी आता चालत नाही. अशा व्हॅनला ग्रीन वॉरंट हे हिरव्या रंगाचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर ती किती माणसांसाठी प्रमाणित आहे तेही लिहिलेले असते. तुम्ही तिघे आहात, त्यामुळे दोन माणसांचे वॉरंट असलेली व्हॅन तुमच्या कामाची नाही, ही गोष्ट आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावी. नगरपालिकेच्या जागेत नियम मोडून मुक्काम केल्यास दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो, म्हणजे स्वस्त व्हॅनमध्ये वाचवलेले बरेचसे पैसे एका सकाळी काचेवर चिकटवलेल्या कागदापायी जातात. कुठे मुक्काम चालतो आणि कुठे नाही, हे प्रत्येक नगरपालिका स्वतःच्या उपविधींनी ठरवते. क्वीन्सटाउन आणि वानाका यांच्या परिसरात हा विषय अनेक वर्षे वादाचा आहे, तेव्हा तिथले नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावेत.

मुलीचा मुद्दा याहून महत्त्वाचा. इथल्या कायद्याने वयाची सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना मान्यताप्राप्त बालआसनात बसवावेच लागते. कमी भाड्याच्या बहुतेक व्हॅनमध्ये पुढच्या दोनच जागा असतात, आणि तिसरी जागा असली तरी तिला बालआसन अडकवता येईलच असे नाही. तेव्हा भाडे पाहण्याआधी बालआसन बसते का हे विचारा. त्या एका प्रश्नात निम्मे पर्याय गळून पडतील.

हिशेबनीस (पुणे)

वरील सर्व मुद्दे योग्य आहेत, पण मुळात कॅम्पर व्हॅन स्वस्त पडते हे गृहीतच तपासून पाहावे, असे मला वाटते. तिघांसाठी स्वच्छतागृह असलेली व्हॅन घेतली की तिचे भाडे साध्या मोटारीच्या भाड्याच्या कितीतरी पुढे जाते. छोटी मोटार, तिच्यासोबत हॉलिडे पार्कमधील साध्या केबिन आणि तिथले सामायिक स्वयंपाकघर, असा हिशेब मांडला तर दोन्हींत तुम्हाला वाटते तेवढा फरक निघत नाही. आठवडाभर पाऊस लागला तर केबिनचे सुख वेगळेच. व्हॅन घ्यावी ती तळ्याकाठी जाग यावी म्हणून. केवळ पैसे वाचतील म्हणून घेऊ नये.

तरीही व्हॅनच ठरली असेल तर पुढील खर्च धरावेत. ख्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, टे आनाउ, मिलफर्ड साउंड (डोंगरांमधली खाडी), हास्ट, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका आणि आर्थर्स पासमार्गे परत हे वर्तुळ जवळजवळ २,००० किलोमीटरचे होते. अशी व्हॅन शंभर किलोमीटरला दहा-बारा लिटर पिते आणि पेट्रोल लिटरला अडीच ते तीन डॉलरच्या आसपास धरले, तर इंधनाचे ६०० डॉलर झाले. डिझेलची व्हॅन पाहून पंपावरच्या कमी दराने हुरळून जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये डिझेलवरचा रस्ता कर पंपावर नव्हे, तर चाललेल्या अंतरावर वेगळा आकारतात. हलक्या वाहनांसाठी तो हजार किलोमीटरला ७६ डॉलर आहे आणि व्हॅन परत देताना कंपनी तो तुमच्याकडून वसूल करते, कित्येकदा स्वतःचे सेवाशुल्क लावून.

सर्वांत मोठी बाब विम्याची. मूळ भाड्यात जो विमा असतो त्यात नुकसान झाल्यास पहिले काही हजार डॉलर तुमचेच जातात आणि तेवढी रक्कम अनेक कंपन्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. तुमच्या कार्डाची मर्यादा तेवढी आहे का आणि परकीय चलनाचे व्यवहार सुरू आहेत का, हे इथूनच पाहून जावे. काही ठिकाणी रक्कम नुसती अडकवत नाहीत, तर प्रत्यक्ष कापून नंतर परत करतात. त्यात जाताना आणि येताना असा दोनदा विनिमयदराचा फटका बसतो. रोजचे जादा पैसे भरून ही जबाबदारी कमी करता येते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ती करावी, असे माझे मत आहे. मात्र पूर्ण विमा घेतला तरी टपाचे नुकसान, गाडीच्या खालच्या भागाचे नुकसान आणि चुकीचे इंधन भरणे या गोष्टी बहुधा त्याबाहेर असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकजवळचा बॉल हट रोड यांवर भाड्याची गाडी नेली तर बहुतेक करारांनुसार विमा लागूच होत नाही.

याखेरीज व्हिसाच्या शुल्काबरोबर परदेशी पाहुण्यांवरचा कर भरावा लागतो. तो १ ऑक्टोबर २०२४पासून ३५ डॉलरवरून १०० डॉलर झाला आहे, आणि तो माणशी आहे, कुटुंबामागे नाही. विमान ऑस्ट्रेलियामार्गे घेत असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचीही चौकशी करा. सिंगापूरमार्गे तो ताप सहसा नसतो.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर बेट रद्द केले. बालआसनाचा प्रश्न विचारताच एका कंपनीने त्यांच्या त्या व्हॅनमध्ये ते बसत नाही असे कळवले, म्हणजे तिथेच आमचा घोटाळा झाला असता. मोटार आणि केबिन या पर्यायाचाही हिशेब मांडला. फरक फार नाही हे पटले, पण मुलीने व्हॅनचा ध्यास घेतला असल्यामुळे तीच घेऊ. आता मुक्कामांचे कसे करावे? दररात्री फुकट जागा शोधत बसणे मुलीबरोबर जमेल असे वाटत नाही. शिवाय मिलफर्ड साउंड आणि पश्चिम किनारा यांपैकी एकच निवडायचे झाल्यास काय निवडावे? आणि घरून खाण्याचे काय नेता येईल?

घाटवाट (ठाणे)

मुक्कामांबद्दल सांगतो. न्यूझीलंडचे वनखाते म्हणता येईल असे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन आहे. तिथे सगळे त्याला डॉक म्हणतात. त्याचे मुक्कामाचे तळ बजेटवाल्यांचा खरा आधार आहेत. त्यांत अगदी साधे, केवळ शौचकूप असलेले फुकट तळ असतात आणि थोड्या सोयी असलेले शुल्क घेणारेही असतात. शुल्क गाडीमागे नसून माणशी असते आणि मुलांना सवलत मिळते. माउंट कुकच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल आणि मिलफर्डच्या वाटेवरचा कॅस्केड क्रीक हे दोन्ही तळ याच खात्याचे आहेत, आणि महागड्या हॉटेलच्या खिडकीतून जे दिसणार नाही ते तिथे व्हॅनचे दार सरकवल्यावर समोर असते. दोन-तीन रात्री डॉकच्या तळावर आणि मग एक रात्र वीजजोडणी असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये, असा क्रम ठेवावा. त्या एका रात्रीत गरम पाण्याने अंघोळ, कपडे धुणे, बॅटरी चार्ज करणे, पाणी भरणे आणि स्वच्छतागृहाची टाकी डम्प स्टेशनवर रिकामी करणे ही सगळी कामे उरकतात. जागा शोधण्यासाठी कॅम्परमेट आणि स्वस्त पेट्रोलसाठी गॅस्पी ही ॲप तिथले लोकही वापरतात.

एप्रिलचा महिना चांगला निवडला आहे. तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या दरांपेक्षा भाडी बरीच उतरलेली असतात आणि वानाका, ॲरोटाउन भागात झाडे पिवळीधमक होतात. पण टेकापो आणि माउंट कुक परिसरात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. स्वस्त व्हॅनमधला हीटर पुष्कळदा वीजजोडणी असतानाच चालतो, तेव्हा जाड पांघरुणे कंपनी देते का ते विचारा. थंडी वाजते म्हणून बंद व्हॅनमध्ये गॅसची शेगडी पेटवून ठेवण्याचा विचारही मनात आणू नका. ईस्टर आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्या याच सुमारास येतात. त्या तारखा पाहून तळांचे आरक्षण आधी करा. गुड फ्रायडेला दुकाने बंद असतात आणि २५ एप्रिलला दुपारी एकपर्यंत, म्हणून शिधा आदल्या दिवशीच भरून ठेवावा.

मिलफर्ड की पश्चिम किनारा, यावर मी पश्चिम किनारा म्हणेन, आणि हे अनेकांना पटणार नाही. टे आनाउहून मिलफर्ड १२० किलोमीटर आहे आणि आला त्याच रस्त्याने परत यावे लागते. तिथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे ढगांत गुरफटलेले शिखर पाहून परतण्याची तयारी ठेवावी लागते. आपल्यासारख्या आंबोली-ताम्हिणीत भिजलेल्यांना पावसातले धबधबे नवे नाहीत, पण बोटीचे तिकीट, इंधन आणि दोन दिवस एवढे मोल देऊन ते पाहायचे का, हे तुम्ही ठरवा. उलट वानाकाहून हास्ट खिंड ओलांडून समुद्राकडे उतरणारा रस्ता आणि होकिटिकाहून आर्थर्स पासने तिथले दक्षिणी आल्प्स ओलांडून परत येणारा रस्ता हे प्रवासातच पडतात, वेगळा फेरा होत नाही. मिलफर्ड वगळल्यास वर्तुळ पाच-सहाशे किलोमीटरने लहान होते. क्वीन्सटाउनला जायचे असल्यास क्रॉमवेलहून जाऊन यावे. वानाकाहून थेट जाणारा क्राउन रेंजचा रस्ता १,०७६ मीटरपर्यंत चढतो आणि काही कंपन्या त्यावर व्हॅन नेऊ देत नाहीत. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्या आता इतक्या मागे सरकल्या आहेत की बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच लागते. ते पैसे मी वाचवीन आणि माउंट कुकला हूकर दरीची पायवाट चालेन. ती जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर आहे, जवळजवळ सपाट आहे आणि फुकट आहे. पूल किंवा वाट दुरुस्तीसाठी बंद नाही ना, एवढे डॉकच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहा.

घाटाची सवय आहे हे ठीक, आणि तिथेही वाहने डावीकडूनच चालतात. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल पुष्कळ आहेत. फलकावर ज्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल त्या दिशेने जाणाऱ्या गाडीने थांबायचे, यात हॉर्न वाजवून आधी घुसणे चालत नाही. दुसरे म्हणजे तुमच्यामागे गाड्या साचल्या की बाजूला घेऊन त्यांना वाट द्यायची. तिथे ती अपेक्षाच असते. हास्टच्या आगेमागे मोबाइलला रेंज नसलेला लांब पट्टा आहे, म्हणून वानाकाला टाकी भरून नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅंडफ्लाय नावाच्या बारीक माश्यांवरचे मलम तिथेच विकत घ्या, इथली मलमे त्यांना मोजत नाहीत.

कॅंटरबरीकर (ख्राइस्टचर्च)

खाण्याबद्दल राहिले होते. विमानतळावर उतरण्यापूर्वी जे प्रवासी घोषणापत्र भरावे लागते त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू चालण्यासारखी नसेल तर काढून घेतात, दंड करत नाहीत. न सांगितलेले सफरचंद सापडले तरी जागेवर ४०० डॉलर दंड होऊ शकतो. मध, तूप, पेढे, बर्फी, ताजी फळे आणि कढीपत्ता घरीच ठेवा. कारखान्यात बंद केलेले, लेबल असलेले मसाले आणि तयार भाजणी किंवा मेतकूट यांसारखे पदार्थ जाहीर करून आणावेत आणि ते बॅगेत वरच ठेवावेत, म्हणजे तपासणीला वेळ लागत नाही. ट्रेकचे बूट घासून स्वच्छ करून आणा, कारण तळव्याला लागलेल्या मातीचीही विचारणा होते.

खरे तर फार काही आणण्याची गरज नाही. ख्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराणा मिळतो. तूरडाळ, तांदूळ, पोहे, हिंग सगळे घेता येते. बाकीचा शिधा पॅकअँडसेव्हमधून भरा. साखळी दुकानांत ते सहसा सर्वांत स्वस्त असते, मात्र लहान गावांत ते नाही. टेकापो किंवा फ्रान्झ जोसेफला पोहोचून खरेदी केलीत तर तोच डबा बऱ्याच जादा दराने घ्यावा लागेल. फोडणी मात्र व्हॅनच्या बाहेर, मोकळ्यावर करा. आत केलीत तर मोहरीचा वास गाद्यांत बसतो आणि काही कंपन्या व्हॅन परत घेताना स्वच्छतेचे शुल्क लावतात.

उतरल्या दिवशी लगेच व्हॅन घेऊ नका. इतक्या लांबच्या प्रवासानंतर एक रात्र शहरात झोप काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताबा घ्या. एका दिवसाचे भाडेही वाचेल. ताबा घेताना व्हॅनचा चारही बाजूंनी आणि टपाचा व्हिडिओ काढा, ग्रीन वॉरंटवरचा माणसांचा आकडा डोळ्यांनी पाहा, आणि स्वच्छतागृहाची टाकी कशी काढायची ते त्यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

गोदाकाठ (नाशिक)

मिलफर्ड वगळून नवा आराखडा करते आहे. तळांच्या तारखा ठरल्या की इथेच टाकते. हूकर दरीसाठी माउंट कुकला दोन रात्री धरल्या आहेत, म्हणजे एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हाताशी राहील.