पूलमधलं क्लोरीन जीसी-एमएसवर दिसतच नाहीये, काय चुकतंय?

नळाचं_पाणी: एमएस्सी ॲनालिटिकल, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला इनडोअर स्विमिंग पूल घेतलाय, कारण आत शिरलं की डोळे चुरचुरतात आणि तो वास दिवसभर नाकात बसतो. गाईड म्हणाले पाण्यातलं, हवेतलं दोन्ही क्लोरीन जीसी-एमएसवर (वाफ कॉलममधून वेगळी करून रेणूंचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणारं मशीन) काढ. काल सॅम्पल आणलं, थायोसल्फेट घातलं, हेडस्पेस रन (बाटलीत पाण्यावर जमलेली वाफ मशीनमध्ये सोडून) मारला तर नुसता क्लोरोफॉर्मचा पीक. क्लोरीनचा पत्ता नाही 😐

बॅकवॉश_काका: अरे बाबा, थायोसल्फेट घातलंस तिथेच खेळ खल्लास! ते घालतातच मुळी क्लोरीन मारायला, नाहीतर बाटलीत क्लोरोफॉर्म वाढतच राहतं. आणि नसतं घातलं तरी पाण्यातलं क्लोरीन म्हणजे हायपोक्लोरस ॲसिड नि हायपोक्लोराइट, ते जीसीतून धड बाहेर येणारच नाही. त्याला आपली डीपीडीची (क्लोरीन असलं की रंग देणारं रसायन) गोळी बरी, गुलाबी रंग येतो तो फ्री म्हणजे मोकळं क्लोरीन, मग तीन नंबरची गोळी टाकली की टोटल, वजाबाकी केली की कम्बाइन्ड क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन्स. बाकी तो वास क्लोरीनचा नाहीच. लोक शॉवर न घेता उतरतात, घाम आणि (सांगायला नको) लघवीतला युरिया क्लोरीनला भेटतो, त्यातून ट्रायक्लोरामाइन होतं आणि ते पाण्यात न थांबता हवेत उडतं.

एकोणऐंशी_ब्रोमीन: काकांना +१. ट्रायक्लोरामाइन मास स्पेक्ट्रोमीटरवरच बघायचं असेल तर मेम्ब्रेन इनलेट लागतो, सिलिकॉनच्या नळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, उडणारे रेणू आरपार, ना कॉलम ना तापलेला इंजेक्टर. ट्रायक्लोरामाइन ८४, ८६, ८८ या वस्तुमानांना दिसतं, दोन क्लोरीनवालं फ्रॅगमेंट (रेणूचा तुकडा) आणि क्लोरीन ३५ नि ३७ अशा दोन वजनांचं, म्हणून पीकची उंची साधारण ९:६:१, ती जुळली नाही तर विश्वास ठेवू नकोस. मी स्वतः एकदा फसलोय, डायक्लोरामाइनसाठी (ट्रायक्लोरामाइनचाच दोन क्लोरीनवाला भाऊ) ८५ धरलं आणि वाचन भलतंच जास्त, कारण क्लोरोफॉर्मसुद्धा ८३ बरोबर ८५ देतं. ८३ च्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश ८५ मधून वजा करायचं, मग उरेल ते खरं.

नळाचं_पाणी: बाप रे, माझ्या रनमध्ये ८३ आणि ८५ दोन्ही आहेत, बरं झालं विचारलं. हवेचं काय करू?

फरशी_पुसणारी: हवेत ब्लीचचं हायपोक्लोरस ॲसिड पकडायला आयोडाइड आयनवालं केमिकल आयोनायझेशन मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात, आयोडाइड त्याला चिकटतो आणि १७९, १८१ ला जोडी दिसते. २०१८ मध्ये टेक्सासला एका टेस्ट घरात होमकेम म्हणून मोठा प्रयोग झाला, त्यात ब्लीचने फरशी पुसताना घरातली हवा मोजली होती. तुझ्या डिपार्टमेंटला ते मशीन मिळणं कठीण. ट्रायक्लोरामाइनला मात्र रीएजंट लावलेल्या फिल्टरमधून पंपाने हवा ओढायची आणि जमलेलं क्लोराइड आयन क्रोमॅटोग्राफीवर (पाण्यातले आयन वेगळे करून मोजणारं मशीन) मोजायचं. पूलच्या हवेतल्या अशा क्लोरीन संयुगांना डब्ल्यूएचओचा मर्यादेचा आकडा घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, तो डोक्यात ठेव.

नळाचं_पाणी: आयन क्रोमॅटोग्राफी शेजारच्या डिपार्टमेंटला आहे 🙏 गाईडना सांगतो विषय बदलला म्हणून. उद्या पहाटे पहिली बॅच उतरायच्या आधी एक सॅम्पल आणि संध्याकाळी पोरांची बॅच झाल्यावर एक.

बॅकवॉश_काका: पोरांच्या बॅचनंतरचं घेताना नाकाला रुमाल लाव 😄