एकही वाईट अल्बम नाही? म्हणजे तुम्ही सगळे ऐकलेच नाहीत

गोदाकाठचा निवांत
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर काल रात्री एका मित्राने यादी टाकली, 'आयुष्यात एकही वाईट अल्बम न काढलेले पाच जण'. रहमान, अजय-अतुल, हृदयनाथ मंगेशकर, जगजित सिंग आणि बीटल्स. खाली अंगठ्यांची रांग. मी फक्त विचारलं, रहमानचं 'कभी ना कभी' ऐकलंयस का? उत्तर आलं, 'तुला कान नाहीत.' तिथे पन्नाशीची माणसं वाढदिवसाचे केक टाकत असतात, वाद घालायची सोय नाही. म्हणून इथे सविस्तर.

रहमानपासून सुरू करू. 'रोजा' आला 1992 ला, मी बारावीत होतो आणि त्या वर्षी जे काही मार्क पडले त्याला तोच जबाबदार. 'बॉम्बे', 'दिल से', 'ताल' यांबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण 1997 चा 'दौड'? 1998 चा 'कभी ना कभी'? 2009 च्या फेब्रुवारीत माणूस दोन ऑस्कर घेऊन आला आणि त्याच वर्षी 'ब्लू'साठी कायली मिनोगला आणून जे केलं, ते आज कोण लावून ऐकतं? पुढच्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचं गाणं, त्याला तर देशभर नावं ठेवली गेली.

अजय-अतुल. 'जोगवा', 'नटरंग', 'सैराट', तिन्हींपुढे डोकं टेकतो. आता 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'मधलं एक गाणं गुणगुणून दाखवा. शब्द नकोत, नुसती चाल चालेल. आणि 'जत्रा'तली कोंबडी 'अग्निपथ'मध्ये चमेली होऊन आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. परप्रांतातल्या कुणी स्वतःचीच चाल अशी परत विकली असती तर आपण काय म्हणालो असतो?

जगजितचं म्हणाल तर 'मिर्झा गालिब' आणि 'बियॉन्ड टाइम' सोडले की पुढचे निम्मे अल्बम मला एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. तेच गिटार, तेच व्हायोलिन, मग तबला.

तरी ही मंडळी आपल्याला निर्दोष का वाटतात? कारण आपण अल्बम ऐकलेच नाहीत. आपण कॅसेटी भरून घेतल्या. नाशिकला मेन रोडच्या एका बोळात दुकान होतं. फुलस्केपवर गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. त्या यादीत कुणी वाईट गाणं लिहिलं होतं का? चाळणी आपण लावली, आणि आता म्हणतो गव्हात खडा नव्हताच.

रहमानिया सातपूर
आधी एक सांगा, राष्ट्रकुलचं गाणं हा अल्बम आहे का? विषय अल्बमचा. एक सुटं गाणं ओढून आणावं लागलं तिथेच तुमची बाजू किती भक्कम आहे ते कळलं.

'दौड' वाईट नाही. 'दौड' सिनेमा पडला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गेली पंचवीस वर्षं मी हेच सांगत फिरतोय. तेव्हाच्या रहमानच्या निम्म्या कॅसेटी म्हणजे तमिळ चालीत कोंबलेले हिंदी शब्द. लोक त्या शब्दांना हसले आणि संगीतावर खापर फोडलं. 'कभी ना कभी' तुम्हाला दिला. घ्या. फ्रेम करून दिवाणखान्यात लावा.

स्वरगंधा
पाच नावं दिलीत आणि हृदयनाथांना अलगद बाजूला ठेवलंत. का? 'जैत रे जैत' 1977, 'उंबरठा' 1982, 'लेकिन'ला राष्ट्रीय पुरस्कार. शिवाय मीरेची भजनं, ज्ञानेश्वर, सावरकर. यातला खडा दाखवा.

मी बावीस वर्षं गंगापूर रोडला गाणं शिकवते. मुली सुगम संगीताच्या स्पर्धेसाठी हृदयनाथांची चाल घेऊन येतात, मुखडा झोकात म्हणतात आणि अंतऱ्याच्या उठावणीला आपटतात. कारण तो सूर जिथे यावा असं वाटतं तिथे येतच नाही. परवा एक मुलगी पाच वेळा चुकली आणि मला म्हणाली, 'मॅडम, हे गाणंच चुकलंय.' तिला तरी माफ आहे, ती अकरा वर्षांची आहे.

गोदाकाठचा निवांत
ताई, बाजूला ठेवलं कारण त्यांनी कामच मोजकं केलं. सहाव्या नंबरला येऊन नाबाद राहायचं आणि सरासरी फुगवायची, यातला प्रकार. आणि हिंदीत केलं त्याचं काय? 'धनवान' कुणाला आठवतो?

स्वरगंधा
'ये आँखें देखकर' कुठल्या सिनेमातलं आहे?
शोधा. मी थांबते.

गोदाकाठचा निवांत
शोधलं. हे मी आयुष्यभर लक्ष्मी-प्यारेंचं समजत होतो. वाक्य मागे घेतो. फक्त 'धनवान'पुरतं.

स्वरगंधा
केवढा हा मनाचा मोठेपणा!
आणि मोजकं काम हा दोष कधीपासून झाला? खळेकाकांनी, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी, घाईत चाली दिल्या नाहीत म्हणून 'अभंग तुकयाचे' आहे. नको असलेल्या कामाला नाही म्हणणं हीसुद्धा कलाच आहे.

बी साइड
बीटल्सबद्दल कुणी काहीच बोललं नाही, कारण इथे कुणी ऐकलेले नाहीत. 1968 चा पांढऱ्या कव्हरचा अल्बम, तीस गाणी. त्यातला एक तुकडा आठ मिनिटांचा आहे आणि तो गाणं नाहीच, नुसते आवाज. त्यावर भक्त म्हणतात तो प्रयोग आहे. बरं. मग 1969 चा 'यलो सबमरीन' घ्या. एका बाजूला त्यांची सहा गाणी, त्यातली दोन आधीच येऊन गेलेली. दुसऱ्या बाजूला बीटल्सच नाहीत, जॉर्ज मार्टिनचा ऑर्केस्ट्रा. अर्धी तबकडी दुसऱ्याची आणि म्हणे वाईट अल्बम नाही!

निष्कलंक म्हणून 'निर्वाणा' या बँडच्या तीन आणि गायिका एमी वाइनहाउसच्या हयातीतल्या दोन तबकड्या दाखवतात. लवकर गेलेल्यांची पाटी कोरीच राहते, त्यात कौतुक कसलं? पन्नास वर्षं काम करून दाखवा.

सिडको एक्सप्रेस
निवांतराव, तुमच्या त्या बोळातल्या दुकानाने माझं काय केलं ते ऐका.

दहावीच्या सुट्टीत चुलतभावाची यादी उतरवून जगजितची एक कॅसेट भरून घेतली. यादीत फक्त पहिले शब्द. 'ब' बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे एक गझल, ती मधेच कटकन थांबायची. टेप संपली. मला वाटायचं गझल तिथेच संपते. झोपताना रोज ऐकायचो, त्या तुटण्याचीही सवय झाली. पुढे अंबडच्या कंपनीत लागलो. तिथे एक साहेब म्हणाले, ही गालिबची. मी म्हटलं शक्य नाही, मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, कवीचं नाव कुठंय? अख्ख्या शिफ्टच्या वडापावची पैज लागली. त्यांनी दुसऱ्या दिवशी मूळ कॅसेट आणून लावली. शेवटच्या शेरात 'गालिब' एकदम स्वच्छ. माझ्या कॅसेटमध्ये तोच शेर गेलेला. अकरा वर्षं मी मक्त्याशिवाय गझल ऐकत होतो भो.

आणि खरं सांगू? आता पूर्ण ऐकली की शेवटचा शेर उगाच जोडल्यासारखा वाटतो.

आडगाव नाका
तो दुकानदार नव्वदच्या कॅसेटचे पैसे घ्यायचा आणि साठच्या हिशेबाने गाणी भरायचा. माझा स्वतःचा अनुभव. पाठ कोरी निघाली, तर म्हणाला 'तुमच्या टेपचं हेड घासलंय.'

सिडको एक्सप्रेस
तुमचं हेड घासलेलंच असेल. काका तसे नव्हते. उलट बाजूला तीन-चार मिनिटं उरली तर स्वतःच्या पसंतीचं काहीतरी टाकून द्यायचे, फुकट.

स्वरगंधा
अय्या, जिन्याखालचं दुकान का? आमच्या बाबांनी भावगीतं भरायला दिली होती. शेवटी जागा उरली तिथे त्या काकांनी कुमारजींचं निर्गुणी भजन भरलं. यादीत नव्हतं. बाबा चिडले, परत करायला निघाले होते. मी तेव्हा सातवीत. मी म्हटलं राहू द्या. पुढे गाण्याकडे वळले त्याला ती उरलेली चार मिनिटं कारण आहेत.

गोदाकाठचा निवांत
बघा! म्हणजे चाळणी आपलीसुद्धा नव्हती, काकांची होती. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

स्वरगंधा
तुमचा कुठला? तुम्ही म्हणालात आपण वाईट गाळतो. मी सांगतेय, न मागितलेलं मिळालं. वाचता तरी का नीट?

रहमानिया सातपूर
सगळे भावुक होऊन चोरीच्या आठवणी सांगताय. कॅसेट भरून देणं म्हणजे सरळ चोरी होती. मी पेपर टाकून पैसे साठवायचो आणि मूळ कॅसेट घ्यायचो. आतलं घडीचं कव्हर उलगडलं की वादकांची नावं, इंजिनीअरची नावं. रहमान ती छापायचा. तुमच्या फुलस्केपवर होती का? ज्यांनी कलाकाराला एक रुपया दिला नाही ते आता त्याचे वाईट अल्बम मोजायला बसलेत.

आडगाव नाका
वा रे सज्जन. आज कुठल्या ॲपला किती भरता आणि त्यातले कलाकाराला किती पोचतात, सांगता का?

रहमानिया सातपूर
तुमच्याशी बोलत नाही. ज्याची टेपच घासलेली, त्याने आवाजाच्या गप्पा मारू नयेत.

पंचवटी ढोल
मंडळी, आमच्या नाशिक ढोल पथकाचा आजवर एकही वाईट अल्बम निघाला नाही. का, तर अल्बमच निघाला नाही! केरळात जाऊन बघा, 'नासिक ढोल' म्हणून पथकं आहेत, लग्नात वाजवतात, उत्सवात वाजवतात. इथे आपल्या मिरवणुकीत मात्र डीजेच्या भिंती. आमचं पथक मागे आणि पुढे ट्रॅक्टरवर बारा स्पीकर. आमचा ठेका आम्हालाच ऐकू येत नाही. ज्या गाण्यांवर तुम्ही भांडताय त्यातला निम्मा ढोल कीबोर्डमधून काढलेला आहे, कान असतील तर ओळखा.

बी साइड
भाऊ, विषय अल्बमचा आहे.

पंचवटी ढोल
विषय कॅसेटच्या दुकानाचा झाला तेव्हा कुठे होतात? तेव्हा चाललं. ढोल आला की विषय आठवतो.

बी साइड
…हे मात्र बरोबर आहे.

निफाडकर
मी गाण्यातला नाही, बागेतला आहे. आमच्याकडे एक्सपोर्टचा माल निघतो तेव्हा पॅकहाउसमध्ये बाया घड हातात धरून कात्रीच्या टोकाने एकेक मणी काढतात. बारीक मणी गेला, डाग पडलेला गेला, चिरलेला गेला. मग तो घड खोक्यात जातो. राहिलेला माल लोकलला, नाहीतर बेदाण्याला. तिकडे युरोपात खाणाऱ्याला वाटत असेल नाशिकच्या वेलीला खराब मणी येतच नाही. येऊन बघा म्हणावं मार्चमध्ये, खाली कसा खच पडतो.

निवांतसाहेब म्हणतात ते मला पटलं. पण एक आहे. ज्याच्या बागेत खच जास्त, त्याने घड जास्त धरले होते म्हणून. खच नाही असा शेतकरी मी पाहिला, त्याने त्या वर्षी बाग सोडून दिली होती.

गोदाकाठचा निवांत
भाऊ, हे मी ग्रुपवर तुमच्या नावाने टाकू का?

निफाडकर
नाव नको. व्यापारी आहेत तुमच्या ग्रुपमध्ये.

स्वरगंधा
निफाडकर, छान लिहिलंत, पण विरळणी विसरलात. घड लहान असतानाच अर्धे मणी काढून टाकतात, तेव्हा उरलेला मणी फुगतो. माझं माहेर पिंपळगावचं आहे. हृदयनाथ आणि खळेकाका विरळणी करणारे. खच त्यांच्याकडेही पडलाच असेल, पण घरात, पेटीसमोर. बाजारात नाही आणला.

निफाडकर
ताई, हे मान्य करावं लागेल. विरळणीची मजुरी मात्र कुणी विचारत नाही.

गोदाकाठचा निवांत
ठीक. यादीतल्या पाचपैकी हृदयनाथांवरचा आक्षेप तूर्त राखून ठेवतो. तूर्त म्हटलंय, ताई. बाकी चौघांवर ठाम आहे. 'ठग्स'ची चाल अजून कुणीही गुणगुणलेली नाही, नोंद घ्यावी.

सिडको एक्सप्रेस
त्या दुकानाचं कुणाला काही माहीत आहे का? काकांची ती मोठी वही होती, कुणी काय भरलं त्याची. सगळ्यांच्या याद्या त्यात डकवलेल्या असायच्या.

आडगाव नाका
वही असेल तर माझी कोरी पाठसुद्धा सापडेल.

स्वरगंधा
माझ्या बाबांची यादी असेल त्यात. हिरव्या शाईत लिहायचे.

गोदाकाठचा निवांत
रहमानिया, तुमच्या समाधानासाठी काल रात्री 'दौड' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. दुसऱ्यांदा लावलेलं एक गाणं बरं आहे. बाकी मत कायम.

रहमानिया सातपूर
कशावर ऐकलात?

गोदाकाठचा निवांत
मोबाइलवर.

रहमानिया सातपूर
हेडफोन?

गोदाकाठचा निवांत
नाही. ओट्यावर ठेवून. भांडी घासत होतो.

रहमानिया सातपूर
मग नाहीच ऐकलात.