पृथ्वी तापतेय, मग टेक्सासमध्ये एवढी थंडी का पडली?

वाशीची_आई
माझा मुलगा आणि सून डॅलसला असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे पारा उणे १९ अंशांवर गेला होता. त्यांच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. सूनबाईला सातवा महिना. घरातली सगळी पांघरुणं घेऊन दोघं एका खोलीत बसलेले, नळ गोठलेले, संडासात ओतायला गॅसवर बर्फ वितळवत होते. मी इथे रात्रभर फोन हातात धरून बसले होते. परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्या वेळचे फोटो टाकले आणि लिहिलं, "कुठे तापतेय पृथ्वी?" दुसऱ्याने लिहिलं, तापल्यामुळेच थंडी पडते. खरं काय ते नीट समजून घ्यायचंय.

नौपाड्याचे_मास्तर
ताई, तीस वर्षं भूगोल शिकवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. तिथली १० ते ५० किलोमीटर उंचीवरची हवा अतिशय गार होते आणि तिच्याभोवती पश्चिमेचे जोरदार वारे गरगरत राहतात. हा ध्रुवीय भोवरा. तो जोमात असला की गारठा सहसा उत्तरेतच कोंडलेला राहतो. पण हिमालय, रॉकीसारखे डोंगर आणि जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक यांमुळे वातावरणात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्या वर चढून किनाऱ्यावरच्या लाटेसारख्या फुटतात. भोवऱ्याचा वेग मोडतो, ध्रुवावरची हवा खाली दाबली जाते आणि तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. काही दिवसांत तिथलं तापमान कितीतरी अंशांनी चढतं. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला हेच झालं होतं. असं झालं की पुढच्या काही आठवड्यांत खालचा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वाऱ्यांचा पट्टा, हाही दक्षिणेकडे वाकू शकतो आणि त्याच्यासोबत उत्तरेतला गारठा खाली उतरतो.

त्यात टेक्सासची जागा वाईट. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलाय. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत गार हवेला आडवं काहीच नाही. आपल्या डोक्यावर हिमालय आडवा आहे. मुलांना नकाशावर हे दाखवताना मला दरवर्षी नव्याने त्याचं मोल कळायचं.

घोडबंदर_७७
मास्तर, एक भर घालतो. फेब्रुवारीत भोवरा फुटलेला नव्हता, रबरासारखा उत्तर अमेरिकेकडे ताणला गेला होता. म्हणून जानेवारीतली घटना किती कारणीभूत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तापमानवाढीचंही तसंच. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. त्यामुळे भोवरा जास्त डळमळतो, असं काहींचं म्हणणं. काहींना तो निसर्गातला नेहमीचा चढउतार वाटतो. मात्र जगभर कडाक्याच्या थंडीच्या लाटा कमी आणि सौम्य होत चालल्यात, यावर वाद नाही. ग्रुपवर हे आधी लिहा. आणि तुमच्या मुलाच्या घरची वीज नुसत्या थंडीने गेली नाही. गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गोठण्यापासून वाचवायची तयारीच पुरेशी नव्हती.

वाशीची_आई
दोघांचे मनापासून आभार. आपल्याकडची थंडीही त्याच भोवऱ्यातून येते का?

नौपाड्याचे_मास्तर
सरळ तिथून नाही. पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणाली, हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली येतात. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, मुंबईतला तो नीचांक. एरवी इथे ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे पहाटे स्वेटर लागतो, आणि दुपारी खाडीकडून वारा सुटला की काढावा लागतो.