मदत हवी आहे: भगतांना (पाड्यावरचे मांत्रिक-वैदू) सोबत घेऊन मानसिक आरोग्याचं काम कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकचे तिघं-चौघं सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर जातो, वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी, वारली. नैराश्य ओळखायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचे ९ प्रश्न प्रमाण मराठीत विचारले की बाया नुसत्या हसतात, पण "जीव लागत नाही", "बाहेरचं लागलंय" हे आपणहून सांगतात आणि आधी भगताकडेच जातात (खरं सांगू, तो आमच्यापेक्षा जास्त वेळ ऐकतो). टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतो पण रेंजसाठी टेकडीवर चढायचं, मग कोण करणार फोन? भगतानेच "गोळ्या बंद करू नको" सांगितलं तरी खूप होईल, पण त्याच्याशी बोलणं कसं काढायचं, त्याला आपण शिकवायला आलोय असं वाटायला नको. आणि कोकणा लोकांच्या बोलीत हे प्रश्न नीट करून देणारं कुणी आहे का?